माळ्यावरचा रुमाल

दसऱ्याचे सोने लुटून झाले की आमच्या सीमाभागातल्या घराघरांतून एकच गडबड सुरू होते. माळ्याला शिडी लागते, वरून धुळीचा लोट खाली येतो आणि खालून कोणीतरी विचारते, "हे ठेवायचं की टाकायचं?" वर्षातून एकदा तरी प्रत्येक घराला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. फुटकी बरणी, उसवलेली गादी, तळ गेलेला डबा यांच्या बाबतीत ते सोपे असते. अडचण येते ती जुन्या कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे हाती लागले म्हणजे. दप्तराच्या भाषेत या गाठोड्याला रुमाल म्हणतात.

आमच्या शहापूरच्या घरी असे तीन रुमाल होते. शहापूर आज बेळगावचाच एक भाग असले, तरी १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते. आमच्याकडे जवळच्या एका खेड्याचे कुळकर्णी वतन होते, त्याचे हे कागद. मी आठ-नऊ वर्षांचा असताना, १९६३ सालच्या दिवाळीआधी, ते रुमाल खाली आले. आजी म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांनी जीव लावून जपलंय ते." वडील म्हणाले, "आई, वतनच राहिलं नाही, आता या कागदांचं काय करायचं?" वडिलांना शाळेतली मोडी येत होती, पण घाईच्या कारकुनी वळणाची मोडी वाचणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. शिक्के असलेले चार-पाच कागद त्यांनी बाजूला काढले. बाकीचे न्हाणीत गेले. पाणी भरण्याच्या रात्री हंडा घासून, त्याला चुन्याचे पट्टे ओढून चुलीवर चढवला आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्या कागदांवर आमचे अभ्यंगस्नानाचे पाणी तापले. कागद छान पेटत होते, एवढेच मला त्या वेळी वाटले.

वडिलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनी जे केले ते हजारो घरांत झाले, आणि त्यामागे शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

आपल्या पूर्वजांनी कागद जपले ते इतिहासासाठी नव्हेत, जमिनीसाठी. इनाम, वतन, देवस्थानची नेमणूक यांचा आधार म्हणजे कागद. पेशवाई बुडाल्यावर या आधाराची कसोटी लागली, आणि तिची सुरुवात आपल्याच मुलखात झाली. १८४३ साली इंग्रज सरकारने दक्षिण मराठा मुलखातील, म्हणजे बेळगाव-धारवाडकडील, इनामांची चौकशी आरंभली. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्याच्याकडे पुरावा त्याची जमीन, बाकीच्यांची खालसा. ज्या घराने गाठोडे सांभाळले ते तरले. वाळवीने किंवा पावसाने ज्याचे कागद खाल्ले ते रस्त्यावर आले. कागद देवघराशेजारच्या पेटीत ठेवण्याची आणि तो मुलांच्या हाती न देण्याची रीत या धाकातून पक्की झाली.

व्यापाऱ्यांच्या घरांची तऱ्हा थोडी निराळी होती. तिथे दिवाळी हाच हिशेबाचा शेवट आणि आरंभ. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकू वाहायचे, पाडव्याला तिच्यात पहिली नोंद करायची आणि जुनी वही माळ्यावर टाकायची. उधारी वसूल होईपर्यंत ती वही मोलाची. नंतर तिला विचारणारे कोणी नाही. शहापूरच्या पेठेत विणकर, सराफ आणि सावकार यांच्या व्यवहारांच्या अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या साचत गेल्या.

या साठ्याकडे इतिहासाच्या नजरेने पाहणारी माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. आपल्याला जवळचे नाव मिरजेचे. तिथल्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धनी दप्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि १९२४ साली देहावसान होईपर्यंत ते काम सोडले नाही. हैदर आणि टिपू यांच्याशी झालेल्या मोहिमा, परशुरामभाऊंनी १७९०-९१ मध्ये धारवाडला घातलेला वेढा, छावणीतली टंचाई, सावकारांचे तगादे हे सारे त्या पत्रांतून उलगडते. कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतच्या मुलखाचा अठराव्या शतकातला इतिहास या एका मास्तरांच्या चिकाटीमुळे आपल्या हाती आहे. १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. १७५० ते १७६१ या काळातली पत्रे त्यात होती. पुढे राजवाडे गावोगाव पायपीट करीत घरांचे माळे धुंडाळत राहिले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही अशा गाठोड्यांना निवारा मिळावा म्हणूनच.

भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांचे उदाहरण तर प्रत्येक गृहस्थाने ध्यानात ठेवावे असे आहे. त्यांच्या घरी घटनांच्या तिथी टिपलेली एक शकावली होती. ती ना सनद, ना न्यायनिवाडा, नुसते टाचण. तिच्यावर जमिनीचा हक्क शाबीत होणार नव्हता. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी १९१६ साली ती छापली. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा, असे तोवर सर्रास मानले जाई. या शकावलीत तो शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असा निघाला. पुढे परमानंदाच्या 'शिवभारता'ने आणि जोधपूरकडे सापडलेल्या जन्मपत्रिकेने त्याला दुजोरा दिला. महाराष्ट्र शासन शिवजयंती साजरी करते ती याच तारखेला. जेध्यांच्या एखाद्या पिढीने माळा झाडताना हे टाचण निरुपयोगी ठरवले असते, तर?

माझे म्हणणे या प्रश्नाभोवती आहे. शिक्क्याची सनद घरातून गेली, तरी तिचा मागमूस सरकारी दप्तरात बहुधा सापडतो. इनाम चौकशीच्या निमित्ताने अशा कागदांच्या नकला आणि नोंदी झाल्या, त्या पुण्याच्या दप्तरखान्यात राहिल्या. पण लग्नाच्या खर्चाची यादी, नोकराच्या पगाराचे टाचण, माहेरून आलेले पत्र, दुष्काळात कोणाला किती धान्य दिले याची नोंद, यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. आपण नेमके उलटे करतो. शिक्का पाहून सनद ठेवतो आणि यादी चुलीत घालतो. माझ्या वडिलांनी तेच केले.

हे कागद निरुपयोगी का वाटू लागले, तेही पाहिले पाहिजे. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीच्या जागी बाळबोध लिपी पसंत केली. मोडी नंतरही काही दशके शाळांत शिकवली गेली, पण तिची गरज ओसरली. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली. १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने गेली, १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे गेली. ज्या जमिनीसाठी कागद जपला ती राहिली नाही, आणि ज्या लिपीत तो लिहिला ती वाचणारे आजोबाही राहिले नाहीत. १९५६ साली आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा तर पुष्कळांना वाटले की जुन्या कागदांचा आता कोणत्याच कचेरीत उपयोग नाही. पुढे वाडे पडले, त्यांच्या जागी सदनिका आल्या आणि माळाच नाहीसा झाला. जे उरले त्यातले कितीतरी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी भिजले.

आणि मग काळाने गंमत केली. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. त्या प्रश्नाविषयी कोणाचे मत काहीही असो, एवढे खरे की ज्या अक्षरांना पन्नास वर्षे कोणी विचारत नव्हते त्यांच्यावर हजारो कुटुंबांचे डोळे लागले. कोणता कागद कधी बोलू लागेल, हे त्याला टाकणाऱ्याला सांगता येत नाही.

सगळेच जपा, असे मी म्हणत नाही. घर राहण्यासाठी असते, ते दप्तरखाना करून चालत नाही. साफसफाई हवीच. फक्त मोडीतला किंवा हाताने लिहिलेला कागद दिसला तर त्याचा निकाल त्याच दिवशी लावू नये. रुमाल सोडला तर आतला क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता हाही पुरावाच असतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. गाठोडे कोणत्या घरचे, कोणत्या गावचे, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. छायाचित्रे काढून ठेवावीत; आता ते प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर होते. घरात जागा नसेल तर पुण्याचे मंडळ आहे, कोल्हापूरचे पुरालेखागार आहे. रद्दीवाल्याचा तराजू हा शेवटचा मार्ग.

आमच्या घरचा एक अर्धा कागद मात्र वाचला. फडताळ हलवताना भिंतीशी तो अडकलेला मिळाला, तोपर्यंत वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी तो वाचून दिला. त्यात वतन नाही, मोहीम नाही. कुठल्यातरी दिवाळीचा खर्च आहे: तेल, गूळ, पणत्या, घर सारवायला आलेल्या बाईची मजुरी आणि भिंतींसाठी चुना. त्या बाईचे नावही आहे. आमच्या घराच्या इतिहासात तिची नोंद एवढीच, आणि तिच्यासारख्या आणखी किती जणांची नावे त्या पहाटे पाणी तापवण्यात गेली, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.