आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढा

परवा गावातल्या एका लग्नात बघितलेला प्रसंग. बँड सुरू झाला आणि पाच-सहा वर्षांचा एक मुलगा कान दाबून खाली बसला, जोरजोरात ओरडायला लागला. आई त्याला उचलून मांडवाबाहेर घेऊन गेली. मागे कुणीतरी म्हणालंच, "दिवसभर मोबाईल हातात द्यायचा, मग असंच होणार. आईचं लक्षच नाही." आईने ते ऐकलं. काही बोलली नाही.

मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. आणि मित्रांनो, आईला दोष देणारं हे वाक्य आजचं नाही. मोबाईल जन्माला यायच्या आधीपासून ते चालत आलंय.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथे 1933 साली डोनाल्ड ट्रिपलेट जन्मला. हाक मारली तरी बघायचा नाही, वस्तू गोल गोल फिरवत बसायचा, आकडे मात्र तोंडपाठ. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईवडिलांनी चार वर्षांचा व्हायच्या आतच त्याला संस्थेत ठेवलं. वर्षभरात मन घट्ट करून परत घरी आणलं. वडिलांनी बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना मुलाबद्दल 33 पानी पत्र लिहिलं. 1943 मध्ये कॅनर यांनी अशा 11 मुलांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड. ऑटिझमचा वैद्यकीय इतिहास साधारण इथून सुरू होतो.

पण पुढे गाडी घसरली. 1949 मध्ये कॅनर यांनीच लिहिलं की ही मुलं जणू फ्रीजमध्ये ठेवल्यासारखी वाढली. त्यातून 'फ्रीजसारख्या थंड आया' हा शिक्का तयार झाला. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकात तर या मुलांची तुलना छळछावणीतल्या कैद्यांशी केली. म्हणजे आई कोण झाली, बघा! हजारो बायका आपल्याच प्रेमावर शंका घेत जगल्या.

हे खोडून काढलं ते पालकांनीच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ, स्वतः अशा मुलाचे वडील. ऑटिझमचं मूळ शरीरात आहे, आईच्या वागण्यात नाही, हे त्यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहून मांडलं. 1969 मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे निर्दोष ठरवलं. आज विज्ञान सांगतं की या मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते, आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडेही पुढाकार आईनेच घेतला. मेरी बरुआ यांनी 1991 मध्ये दिल्लीत 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत त्याला जागा मिळाली. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे किती पालकांना माहीत आहे? किती हेडमास्तरांना?

आता डोनाल्डचं पुढे काय झालं ते सांगतो. तो गावच्याच शाळेत शिकला, पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, 27 व्या वर्षी गाडी शिकला, एकटा परदेश फिरला. 2023 मध्ये 89 व्या वर्षी गेला. घर श्रीमंत होतं, बँक आजोळची होती, हे खरंच. गोरा नसता तर त्या काळातल्या मिसिसिपीत हे शक्यही नव्हतं. पण पैशाने गाव विकत घेता येत नाही. दोन पत्रकार त्याच्यावर लिहायला गेले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना दम भरला होता, आमच्या डॉनला त्रास झाला तर तुम्हाला शोधून काढू!

एक पत्रकार म्हणून मला असा दम खायला आवडेल. आपल्या गावात.

तोवर एवढं तरी करूया. असं मूल ओरडताना दिसलं तर टक लावून बघू नका, सल्ला देऊ नका. बँडवाल्याला दोन मिनिटं थांब म्हणा. त्या आईला खुर्ची द्या, आणि "काही मदत करू का ताई?" एवढंच विचारा.