रोस्ट बेटावरील पाहुणे

नॉर्वेच्या नकाशात लोफोटेन द्वीपमालेच्या नैर्ऋत्य टोकाशी, मुख्य भूमीपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर, रोस्ट म्हणून एक ठिपका आहे. लहानमोठी शेकडो बेटे व खडक मिळून झालेल्या या प्रदेशाची स्वतंत्र म्युनिसिपालिटी 1928 साली झाली. वस्ती जेमतेम पाचशेच्या घरात. आणि जिच्यावर बहुतेक सारी घरे आहेत ती भूमी इतकी सखल की दुरून येणाऱ्या खलाशास प्रथम भूमी न दिसता घरेच दिसावीत!

हे स्थळ उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. तथापि उबदार सागरप्रवाहामुळे येथील हिवाळा त्या अक्षांशाच्या मानाने अगदीच सौम्य असतो. रोस्टचा सारा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी उत्तरेकडील समुद्रातून कॉड मासे लोफोटेनकडे येतात. ते पकडून, मिठाचा कणही न लावता, फेब्रुवारीपासून मेपर्यंत लाकडी मांडवांवर टांगून ठेवतात. थंडी कडक पडली तर गोठून माशाचे तंतू फुटावयाचे, ऊन वाढले तर माश्या बसावयाच्या. येथील हवा नेमकी या दोहोंच्या मध्ये. असा वाळलेला मासा काष्ठवत् होतो व वर्षानुवर्षे टिकतो.

येथे 1432 च्या जानेवारीत व्हेनिसचा सरदार व व्यापारी पिएत्रो क्वेरिनी येऊन पडला. आदल्या वर्षी क्रीटहून मद्याची पिंपे भरून तो फ्लँडर्सकडे निघाला होता. वादळांनी गलबत निकामी केले, तेव्हा अडुसष्ट माणसे दोन होड्यांत बसली. त्यांतील एक होडी कायमची नाहीशी झाली. दुसरीतील मूठभर लोक सांडॉय नावाच्या निर्जन बेटास लागले आणि तेथून रोस्टच्या कोळ्यांनी अखेर अकराजणांस घरी नेले. मे महिन्यापर्यंत ते त्यांच्याच छपराखाली राहिले.

क्वेरिनीने लिहिलेला वृत्तान्त सोळाव्या शतकात रामुझिओच्या प्रवाससंग्रहात छापला गेला. बेटावर सुमारे एकशेवीस माणसे होती, मासळी हेच त्यांचे नाणे होते, ती बर्गेनला नेऊन ते गरजेच्या वस्तू आणीत, आणि परक्यांपुढेही त्यांस दाराला कुलूप घालण्याची गरज वाटत नसे, असे त्यात आहे. मृत्यूच्या दाढेतून सुटलेल्या माणसास कोणतेही ऊबदार घर स्वर्गच वाटणार, अशी शंका वाचकांस येईल. मलाही प्रथम आली. परंतु त्याच्या दोन सोबत्यांचा निराळा वृत्तान्त उपलब्ध आहे, आणि आतिथ्याच्या बाबतीत तो क्वेरिनीस दुजोराच देतो. उणीव आहे ती दुसरीच. या परदेशी माणसांविषयी रोस्टकरांस काय वाटले, त्या भुकेल्या अकरा तोंडांचा भार भर हिवाळ्यात कोणाच्या चुलीवर किती पडला, हे सांगणारा त्यांच्या बाजूचा एकही कागद नाही.

इटलीस हा मासा क्वेरिनीनेच दाखविला अशी लोकप्रिय समजूत आहे. तीवर माझा फारसा विश्वास नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून बर्गेनचे जर्मन व्यापारी ही मासळी युरोपभर पाठवीत होते, आणि एका सरदाराच्या सामानातील माशांवर व्यापार उभा राहत नसतो. मात्र रोस्टच्या मांडवांवरील मासा आजही इटलीस जातो, हे खरे.

सांडॉयवर 1932 साली क्वेरिनीचे स्मारक उभारण्यात आले, आणि 2012 साली खुद्द रोस्टवर त्याच्या कथेचे संगीतनाटक झाले.