वेबस्टर, मॅडिसन आणि आईचं नाव

आजच्या गप्पांचा विषय आहे नावं, आणि तीही इंग्रजांची. स्मिथ, टेलर, कुक ही नावं आपण क्रिकेटच्या समालोचनात रोज ऐकतो. ती कुठून आली, त्यांचा अर्थ काय आणि त्यांत बायका कुठे आहेत, हे आज पाहू या.

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात बहुतेकांना एकच नाव असे, आडनाव नसे. ही नावं दोन शब्द जोडून केलेली असत. ‘एडिथ’ हे त्यांतलंच एक. त्यातला पहिला शब्द संपत्तीचा आणि दुसरा युद्धाचा. मुलींच्या नावात युद्ध असणं त्या लोकांना वावगं वाटत नव्हतं.

१०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतून विल्यम आला आणि त्याने इंग्लंड जिंकलं. राज्यकर्ते बदलले, तशी नावंही बदलली. दोन-तीन पिढ्यांत जुनी इंग्रजी नावं मागे पडली आणि घरोघरी विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, मटिल्डा दिसू लागले. दरबाराचं नाव आपल्या लेकराला मिळावं असं सगळ्यांनाच वाटतं.

याचं मोठं उदाहरण थेट राणीचं आहे. ११०० साली राजा पहिला हेन्री याने स्कॉटलंडच्या राजकन्येशी लग्न केलं. तिचं बाप्तिस्म्याचं नाव एडिथ. पण नॉर्मन सरदारांच्या कानाला ते गावंढळ वाटे, म्हणून राणी झाल्यावर ती मटिल्डा झाली. आपल्याकडे नवरीचं नवं नाव तांदळात अंगठीने लिहितात, तसं काही तिथे नव्हतं. पण सासरी आल्यावर नाव गेलं ते गेलंच. मजा अशी की ‘मटिल्डा’चा अर्थही युद्धातलं सामर्थ्य असाच आहे. म्हणजे नाव बदललं, लढाई काही सुटली नाही!

नवी नावं आली, पण ती मोजकीच. एका गावात दहा जॉन आणि आठ विल्यम झाले, तर कर कुणाकडून घ्यायचा, जमीन कुणाच्या नावावर चढवायची? मग ओळखीसाठी पुढे काहीतरी जोडणं आलं. टेकडीजवळ राहतो तो हिल. लोहारकाम करतो तो स्मिथ. जॉनचा मुलगा तो जॉन्सन. केस किंवा वर्ण तपकिरी तो ब्राऊन. गाव, धंदा, बाप आणि टोपणनाव या चार वाटांनी इंग्रजी आडनावं आली. आधी जमीनदारांनी ती धरली, मग इतरांनी. सुमारे १४०० सालापर्यंत बहुतेक इंग्रज घरांत आडनाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं होतं.

एकाच धंद्याला गावोगाव वेगळे शब्द असत. विणलेलं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून ते पाण्यात भिजवून पायांनी तुडवत. हे काम करणाऱ्याला उत्तरेकडे वॉकर म्हणत, नैर्ऋत्येला टकर आणि आग्नेयेला फुलर. म्हणून आजही वॉकर आडनाव ऐकलं, तर मूळ घराणं उत्तरेकडचं असावं असा अंदाज बांधता येतो.

आता बायकांकडे येऊ. जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्या बाईसाठी शब्दाच्या शेवटी एक खास प्रत्यय लागे, त्याचं पुढे ‘स्टर’ झालं. विणणारी ती वेबस्टर, भाकरी-पाव भाजणारी ती बॅक्स्टर, जवाची दारू गाळणारी ती ब्रूस्टर. शब्दकोशवाले नोआ वेबस्टर आपल्याला माहीत असतात. त्यांच्या आडनावात एक विणकरीण बसली आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. पुढे इंग्लंडच्या काही भागांत हे शब्द पुरुषांनाही लावले जाऊ लागले. त्यामुळे प्रत्येक वेबस्टर घराण्याची मूळ व्यक्ती बाईच होती असं म्हणता येत नाही. पण शब्द घडला तो बाईच्या हातच्या कामावरून.

ब्रूस्टरची कथा तर विचार करायला लावणारी आहे. १३०० च्या सुमारास इंग्लंडात दारू गाळणं हा मुख्यतः बायकांचा घरगुती धंदा होता. घरापुरती गाळायची, उरलेली शेजारी विकायची. नंतर जास्त टिकणारी हॉप्स घातलेली बिअर आली, भांडवल लागू लागलं, मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. १६०० पर्यंत हा धंदा बहुतांशी पुरुषांच्या हातात गेला. बाई बाहेर पडली, आडनाव मागे राहिलं.

‘स्पिन्स्टर’ हा शब्दही याच कुळातला. मूळ अर्थ सूत कातणारी. सूत कातून स्वतःचं पोट भरणाऱ्या बाईचा हा शब्द सतराव्या शतकात कायद्याच्या कागदांत ‘अविवाहित स्त्री’ असा रुळला आणि पुढे टोमणाच झाला. इंग्लंडच्या विवाह नोंदवहीतून तो निघाला २००५ साली. शब्दात बाईचं काम होतं; लोकांनी त्यात फक्त नवरा नसणं वाचलं.

काही आडनावं थेट आईच्या नावावरून आलेली आहेत. मटिल्डाचं बोलीतलं रूप मॉड आणि लाडाचं मॅड, त्यावरून मॅडिसन. मटिल्डाचंच दुसरं लाडाचं नाव टिलट. तिचा मुलगा टिलटसन. छोटी मेरी म्हणजे मॅरियट, छोटी एमा म्हणजे एमट. इझाबेलला लाडाने इबट म्हणत, त्यावरून इबटसन. आणि विडोसन म्हणजे चक्क विधवेचा मुलगा.

अशा घराण्यांबद्दल पूर्वी कुजबुज चाले, की बापाचा पत्ता नसणार. काही वेळा तसं असेलही. पण बऱ्याचदा कारण साधं होतं. बाप लवकर वारला आणि आईने शेत सांभाळलं. किंवा जमीन, वतन आईच्या माहेरचं होतं. गाव ज्या माणसाला ओळखतं, त्याचंच नाव पोराला लागतं. राजालाही हे चुकलं नाही. मघाच्या एडिथची, म्हणजे राणी मटिल्डाची मुलगीही मटिल्डाच. तिचं पहिलं लग्न जर्मन सम्राटाशी झालं होतं, म्हणून ती सम्राज्ञी. इंग्लंडच्या गादीसाठी ती वर्षानुवर्षं लढली. तिचा मुलगा दुसरा हेन्री ११५४ साली राजा झाला, आणि त्याला लोक ‘फिट्झ एम्प्रेस’ म्हणत, म्हणजे सम्राज्ञीचा मुलगा. बापाचं नाव बाजूला राहिलं.

पण ही उदाहरणं थोडी. १३७९ साली राजाने डोईपट्टी बसवली. सामान्य जोडप्याला मिळून चार पेन्स. त्या याद्या आजही आहेत. त्यांत पुरुषाचं नाव असतं आणि पुढे अनेकदा एवढंच: ‘आणि त्याची बायको’. विधवा आणि मोलकरणींची नावं मात्र सापडतात, कारण त्यांचा कर त्यांच्या स्वतःच्या नावावर होता.

लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावायचं असा कायदा इंग्लंडात कधीच नव्हता. ती रूढी होती. १६०५ साली विल्यम कॅम्डन या इतिहासकाराने लिहून ठेवलं, की आमच्याकडच्या बायका लग्नात आडनाव बदलतात. फ्रान्स आणि नेदरलँड्समधल्या बड्या घरच्या बायका मात्र स्वतःचं नाव राखतात. शेजारच्या स्कॉटलंडातही बायका माहेरचं आडनाव ठेवत. इंग्लंडात या रूढीमागे एक कायदेशीर कल्पना होती: लग्न झालं की नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची कमाईही त्याचीच. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी विवाहितेला स्वतःची कमाई आणि मालमत्ता मिळाली. नाव मिळायला आणखी वेळ लागला. हेलेना नॉर्मन्टन या वकीलबाईंनी भांडून १९२४ साली माहेरच्या नावाने पासपोर्ट मिळवला. असा पासपोर्ट मिळालेल्या त्या पहिल्या विवाहित ब्रिटिश स्त्री.

आणि आईचं नाव? १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या विवाह नोंदणीत वधू-वरांच्या फक्त वडिलांचं नाव आणि धंदा लिहीत. आईसाठी रकानाच नव्हता. तो आला ४ मे २०२१ रोजी. म्हणजे सुमारे एकशे चौऱ्याऐंशी वर्षं लागली.

आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी नावाचा क्रम ठरवला: मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तुमच्या घरात बाळ झालं असेल, तर जन्मदाखल्यावर हे नीट लिहिलं आहे का ते एकदा पाहा. आणि एक छोटं काम करा. पणजीचं माहेरचं नाव आणि आडनाव घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून वहीत लिहून ठेवा. त्या डोईपट्टीच्या यादीतल्या ‘बायको’चं नाव आज कुणालाही सांगता येत नाही. आपल्या पणजीचं सांगणारं माणूस कदाचित अजून घरात आहे.