रिक अँकिल : एका इनिंगमध्ये पिचिंग हरवलं, पण बेसबॉल सोडला नाही

एखादा गोलंदाज दुखापतीमुळे संपतो, एखाद्याचा वेग वयानुसार कमी होतो. हे आपण क्रिकेटमध्ये नेहमी पाहतो. पण हात धडधाकट आहे, वेगही तोच आहे आणि तरीही एके दिवशी अचानक चेंडू हवा तिथे पडेनासा झाला तर?

अमेरिकेतल्या रिक अँकिल या बेसबॉलपटूच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. तेही लाखो लोक टीव्हीवर सामना पाहत असताना. तेव्हा त्याचं वय होतं अवघं २१ वर्षं.

आधी बेसबॉलचं थोडं गणित

बेसबॉलमधला पिचर म्हणजे साधारणपणे आपला गोलंदाज. तो मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंचांवरच्या होम प्लेटकडे चेंडू फेकतो. ही प्लेट फक्त १७ इंच रुंद असते. चेंडू तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतच्या पट्ट्यातून जावा लागतो. या पट्ट्याबाहेरचे चार चेंडू बॅटरने सोडून दिले, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात.

चेंडू इतका भरकटला की मागे बसलेल्या कॅचरलाही तो अडवता आला नाही आणि त्याचा फायदा घेऊन बेसवरचे खेळाडू पुढे सरकले, तर ती ‘वाइल्ड पिच’. चांगल्या पिचरकडून एका सामन्यात अशी एखादी चूक होऊ शकते. एकाच इनिंगमध्ये पाच वेळा होणं जवळजवळ अशक्य मानलं जातं.

फ्लोरिडाचा डावखुरा मुलगा

रिकचा जन्म १९ जुलै १९७९ रोजी फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्स इथे झाला. घरातलं वातावरण चांगलं नव्हतं. वडिलांची दारू, आरडाओरडा आणि आईला होणारा त्रास याबद्दल त्याने पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं. बेसबॉलचं मैदान ही त्याची सुटकेची जागा होती.

१९९७ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्स संघाने त्याला करारबद्ध केलं आणि त्यासाठी २५ लाख डॉलर मोजले. शाळा नुकतीच संपवलेल्या मुलासाठी ही प्रचंड रक्कम होती. ऑगस्ट १९९९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये दाखल झाला.

२००० चा पहिला पूर्ण हंगाम त्याने गाजवला. १७५ इनिंगमध्ये १९४ बॅटर त्याने स्ट्राइकआउट केले, ११ सामने जिंकले आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूच्या मतदानात दुसरा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी त्याचे वडील अमली पदार्थांच्या तस्करीच्या प्रकरणात तुरुंगात गेले.

३ ऑक्टोबर २००० : तिसरी इनिंग

बाद फेरीचा पहिला सामना. समोर अटलांटा ब्रेव्हज आणि त्यांचा दिग्गज पिचर ग्रेग मॅडक्स. कार्डिनल्सचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी सुरुवातीचा पिचर म्हणून २१ वर्षांच्या अँकिलवर विश्वास टाकला. संघाचा नेहमीचा कॅचर माइक मथेनी बोटाच्या जखमेमुळे बाहेर होता. वाढदिवसाची भेट म्हणून मिळालेल्या चाकूनेच त्याचं बोट कापलं होतं.

पहिल्याच इनिंगमध्ये कार्डिनल्सने ६-० अशी आघाडी घेतली. पहिल्या दोन इनिंग अँकिलने नीट काढल्या. सगळं सुरळीत चाललं होतं.

तिसऱ्या इनिंगमध्ये त्याच्या हातून एक चेंडू भरकटला. मग दुसरा, तिसरा. पाहता पाहता पाच वाइल्ड पिच आणि चार वॉक झाले. एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच मेजर लीगमध्ये १८९० नंतर कोणीच टाकल्या नव्हत्या. इनिंग संपण्याआधीच ला रुसांनी त्याला बाहेर काढलं. कार्डिनल्स तो सामना ७-५ ने जिंकले, पण अँकिलचं काहीतरी तिथेच राहून गेलं.

पुढच्या फेरीत न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध त्याला पुन्हा संधी मिळाली. त्याने जेमतेम २० चेंडू टाकले. त्यातले पाच थेट मागच्या कुंपणाकडे गेले आणि पहिल्याच इनिंगमध्ये त्याला परत बोलवावं लागलं. त्या बाद फेरीत त्याने एकूण फक्त चार इनिंग टाकल्या. त्यात ११ वॉक आणि ९ वाइल्ड पिच होत्या.

‘यिप्स’ म्हणजे नेमकं काय?

हजारो वेळा सहज केलेली हालचाल अचानक जमेनाशी होणं, याला खेळाच्या जगात ‘यिप्स’ म्हणतात. हा शब्द गोल्फमधून आला. जवळच्या छिद्रात चेंडू ढकलताना कसलेल्या गोल्फपटूंचे हात अचानक झटका देतात, त्यासाठी तो वापरला जायचा.

यामागे एकच एक कारण नाही. काही खेळाडूंमध्ये तीच हालचाल वर्षानुवर्षं केल्यामुळे मेंदू आणि स्नायूंमधला ताळमेळ बिघडतो. काहींमध्ये मूळ दडपणात असतं. जी क्रिया शरीर आपोआप करत होतं, तिच्यावर मन पहारा द्यायला लागतं आणि तिथेच लय तुटते. जिना उतरताना प्रत्येक पायरीला ‘आता कुठला पाय टाकू’ असा विचार केला तर अडखळायला होतं, तसंच काहीसं.

अँकिलच्या आधी स्टीव्ह ब्लास या पिचरची हीच गत झाली होती. १९७१ च्या वर्ल्ड सिरीजचा हा नायक १९७३ मध्ये साधा चेंडू सरळ टाकू शकेना आणि लवकरच निवृत्त झाला. अमेरिकेत या त्रासाला ‘स्टीव्ह ब्लासचा आजार’ असंही म्हटलं जातं. क्रिकेटमध्येही उदाहरण आहे. २००१ मध्ये लॉर्ड्सवरच्या एका अंतिम सामन्यात लेस्टरशायरच्या स्कॉट बॉसवेलला एक षटक पूर्ण करायला १४ चेंडू टाकावे लागले होते.

चार वर्षांची झुंज

अँकिलने सहज हार मानली नाही. हार्वी डॉर्फमन या नामांकित क्रीडा मानसतज्ज्ञाची त्याने मदत घेतली. भीती इतकी होती, की २००१ च्या हंगामातल्या पहिल्या सामन्याआधी त्याने व्होडका प्यायली. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं. तो सामना निभावला, पण उपाय टिकणारा नव्हता.

लवकरच त्याला खालच्या श्रेणीतल्या मेम्फिस संघात पाठवलं गेलं. तिथे सव्वाचार इनिंगमध्येच १७ वॉक आणि १२ वाइल्ड पिच झाल्या. मग त्याला सर्वांत खालच्या पायरीवर, जॉन्सन सिटीला पाठवलं. तिथे गर्दी नव्हती, कॅमेरे नव्हते आणि तिथे तो पुन्हा भन्नाट चेंडू टाकू लागला.

त्यानंतर कोपराने दगा दिला. २००३ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबर २००४ मध्ये तो मेजर लीगमध्ये परतला, १० इनिंग टाकल्या आणि फक्त एक वॉक दिला. कागदावर तो बरा झाला होता. पण प्रत्येक चेंडूसाठी मनाशी चाललेली लढाई त्याला आतून पोखरत होती. मैदानाबाहेरच्या आयुष्यावरही तिचा परिणाम होत होता.

मार्च २००५ मध्ये, २५ व्या वर्षी, त्याने पिचिंग कायमचं सोडलं.

पुन्हा शून्यापासून

आता तो आउटफिल्डर होणार होता. म्हणजे मैदानाच्या खोल भागात झेल घ्यायचे, तिथून चेंडू आत फेकायचा आणि मुख्य म्हणजे बॅटिंग करायची. एखाद्या वेगवान गोलंदाजाने पंचविशीत गोलंदाजी सोडून फलंदाज म्हणून राष्ट्रीय संघात परतायचं ठरवावं, इतकं हे अवघड होतं. त्यात २००६ चा पूर्ण हंगाम गुडघ्याच्या दुखापतीत गेला.

२००७ मध्ये मेम्फिसकडून त्याने ३२ होम रन मारले. ९ ऑगस्टला कार्डिनल्सने त्याला परत बोलावलं आणि सॅन डिएगोविरुद्धच्या त्याच सामन्यात त्याने तीन धावांचा होम रन ठोकला. सारं स्टेडियम उभं राहिलं. एरवी गंभीर दिसणारे ला रुसा हसत टाळ्या वाजवत होते.

गोष्ट इथे गोड झाली असती, पण महिन्याभरातच एका वृत्तपत्राने बातमी दिली, की २००४ मध्ये त्याने ह्यूमन ग्रोथ हार्मोन घेतलं होतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घेतल्याचं त्याने सांगितलं. मेजर लीगने त्यावर बंदी घातली ती २००५ मध्ये. त्यामुळे कारवाई झाली नाही, पण कौतुकाचा सूर बदलला आणि त्याची बॅटही काही काळ थंडावली.

मे २००८ मध्ये डेनव्हरच्या मैदानावर त्याने खोल सेंटर फिल्डमधून थेट तिसऱ्या बेसवर दोनदा असा चेंडू फेकला, की दोन्ही वेळा धावणारा खेळाडू बाद झाला. हात तोच होता. अंतर पिचिंगच्या कितीतरी पट होतं. तरी नेम अचूक होता, कारण तिथे विचार करायला वेळच नव्हता.

बेब रूथच्या पंक्तीत

२०१० मध्ये अटलांटाकडून खेळताना बाद फेरीत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध अकराव्या इनिंगमध्ये त्याने मारलेला चेंडू स्टेडियमबाहेरच्या खाडीत जाऊन पडला आणि संघ ५-४ ने जिंकला. ज्या स्पर्धेने त्याचं पिचिंग हिरावलं होतं, तिथेच दहा वर्षांनी त्याने सामना जिंकून दिला.

२०१४ मध्ये तो निवृत्त झाला. पिचर म्हणून १३ विजय आणि बॅटर म्हणून ७६ होम रन ही त्याची कमाई. पिचर म्हणून किमान १० विजय आणि कारकिर्दीत किमान ५० होम रन ही कामगिरी बेब रूथनंतर त्यानेच पहिल्यांदा केली. पुढे वॉशिंग्टन नॅशनल्स संघाने तरुण खेळाडूंना मानसिक आधार देण्यासाठी त्याला नेमलं. २०१७ मध्ये ‘द फेनॉमेनन’ हे त्याचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं.

अँकिलने यिप्सवर मात केली असं अनेकदा लिहिलं जातं. ते तितकंसं खरं नाही. पिचिंग त्याला पूर्वीसारखं कधीच परत मिळालं नाही. हरवलेली गोष्ट शोधत बसण्यात उरलेली वर्षं घालवायची नाहीत, हे त्याने २५ व्या वर्षी ठरवलं आणि त्याच मैदानात स्वतःसाठी दुसरी जागा शोधली.