अंधेरीचें क्रीडांगण

फुटबॉल म्हटला कीं जुन्या मुंबईकराच्या डोळ्यांपुढें कूपरेज उभें राहतें. १८९१ सालीं सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे सामने पाहावयाचे, तर आमच्या उपनगरांतील शौकिनांस आगगाडीनें चर्चगेट गांठावें लागे. पुढें १९८८ सालीं जुहूच्या शेजारीं, अंधेरी पश्चिमेस वीरा देसाई मार्गावर, महापालिकेचें क्रीडासंकुल उभें राहिलें. शहाजीराजे भोसले यांचें नांव त्यास दिलेलें आहे. आतां चर्चगेटची खेप चुकली, असें तेव्हां मला वाटलें.

परंतु शहरांतील मोकळ्या जागेस एकच धनी कधीं लाभत नाहीं. येथें पोहण्याचे तलाव झाले, सोहळे झाले. १ नोव्हेंबर १९९६ रोजीं मायकेल जॅक्सन येथें नाचून गेला, आणि त्यानंतर कित्येक दिवस माझ्या वर्गांतील मुलें बाकांमधून पाय घसटत मागें मागें सरकत होतीं! नाच एका रात्रींत आटोपला; त्याच्या करमणूक करमाफीचा वाद मात्र २०२१ सालापर्यंत चालला.

फुटबॉलची मोठी पाळी येथें फार उशिरां आली. ३ सप्टेंबर २०१६ रोजीं भारताचा पोर्टो रिकोशीं सामना झाला. त्यापूर्वीं भारतीय संघ मुंबईंत खेळला होता तो १९५५ सालीं, सोव्हिएत संघाविरुद्ध. एकसष्ट वर्षांचा हा खंड! प्रथम आपल्यावर एक गोल झाला. मग आपण चार केले. त्याच वर्षीं मुंबई सिटी संघानेंहि हें आपलें घरचें मैदान केलें.

तथापि मला मोलाचे वाटतात ते जून २०१८ मधील दिवस. १ जूनला भारतानें चिनी तैपेईवर पांच गोल केले. त्यांपैकीं तीन कर्णधार सुनील छेत्रीचे. पाहणारे मात्र अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशीं छेत्रीनें चित्रफितीच्या द्वारें लोकांस विनविलें कीं, आम्हांस नांवें ठेवावयाचीं तर ठेवा, परंतु मैदानांत येऊन ठेवा. कर्णधारानें असे हात जोडावे, याची मला लाज वाटली; कारण मीहि त्या दिवशीं घरींच बसलों होतों.

४ जूनला गेलों. केनियाविरुद्ध छेत्रीचा तो शंभरावा सामना. तिकिटें संपलेलीं. मृग लागण्यापूर्वींच पाऊस कोसळत होता, मैदानांत पाणी सांचलें होतें. पूर्वार्ध कोरडा गेला, म्हणजे गोलांपुरता. शेजारच्या एका अनोळखी मुलानें आपल्या रेनकोटाची एक बाजू माझ्या डोक्यावर धरली होती. उत्तरार्धांत भारताचा तिसरा गोल झाला, तेव्हां तो रेनकोट कोठें गेला, हें आम्हां दोघांसहि कळलें नाहीं.