हेमार्केटमधील मृत्यू आणि साक्षीदारांची जबानी

भर रस्त्यात माणूस घायाळ होऊन मरण पावतो, तेव्हा नेमके काय घडले हे ठरवायचे कोणाच्या शब्दावर? १७६९ साली लंडनच्या ‘ओल्ड बेली’ न्यायालयापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या खटल्याचा वृत्तान्त तत्कालीन प्रथेनुसार छापून प्रसिद्ध झाला, म्हणूनच आज आपल्याला तो तपासून पाहता येतो.

आरोपी होते जुझेप्पे बारेत्ती. इटलीतील ट्युरिन येथे जन्मलेले हे विद्वान, इंग्रजी-इटालियन शब्दकोशाचे कर्ते आणि रॉयल अ‍ॅकॅडमीचे परदेशी पत्रव्यवहाराचे चिटणीस. ६ ऑक्टोबरच्या रात्री ते हेमार्केट रस्त्याने जात असता एका स्त्रीने त्यांच्याशी असभ्य लगट केली. बारेत्तींनी रागाने हात उगारला. आरडाओरडा झाला, काही पुरुष धावून आले आणि त्यांच्यावर तुटून पडले. पँटन स्ट्रीटकडे पळता पळता बारेत्तींनी खिशातील सुरी काढली. इव्हान मॉर्गन आणि पॅटमन हे दोघे जखमी झाले. मॉर्गनला मिडलसेक्स रुग्णालयात नेण्यात आले. तेथे तो मरण पावला. बारेत्तींनी एका दुकानाचा आश्रय घेतला होता. त्यांना सर जॉन फील्डिंग या अंध दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्यात आले.

२० ऑक्टोबरला खटला चालला. परदेशी आरोपीला अर्धी ज्यूरी परकीयांची मागण्याचा हक्क होता. बारेत्तींनी तो सोडून दिला. त्या काळी आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देता येत नसे आणि गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात वकिलाला त्याच्या वतीने ज्यूरीपुढे भाषणही करता येत नसे. त्यामुळे त्यांनी आपले निवेदन लिहून आणून वाचले.

प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार थोडेच होते. जिला फटका बसला, त्या स्त्रीने सांगितले की, पुढे झाली ती दुसरीच. मार मात्र आपल्याला बसला. मॉर्गनच्या सोबत्यांनी आपली बाजू मांडली. अंधार, गोंधळ आणि धावपळ यांत प्रत्येकाला घटनेचा एखादाच तुकडा दिसला होता. मॉर्गनने रुग्णालयात जे सांगितले, तेही न्यायालयापर्यंत पोहोचले ते दुसऱ्याच्या तोंडून.

मग बचावाचे साक्षीदार आले. डॉ. सॅम्युअल जॉन्सन, एडमंड बर्क, सर जोशुआ रेनॉल्ड्स, ऑलिव्हर गोल्डस्मिथ, डेव्हिड गॅरिक! एवढी नामवंत मंडळी एका आरोपीसाठी क्वचितच एकत्र आली असतील. जॉन्सननी सांगितले की, बारेत्ती अभ्यासू आणि भित्र्या स्वभावाचे असून त्यांची दृष्टी फार अधू आहे. गॅरिक यांनी सुरीचा उलगडा केला : परदेशात खाणावळीत काटा मिळतो, सुरी मिळत नाही, म्हणून प्रवासी ती जवळ बाळगतात. बारेत्तींची सुरीही फळे कापण्याची होती. ज्यूरीने स्वसंरक्षण मान्य करून त्यांना निर्दोष सोडले.

आमच्या मते हा निकाल चुकीचा नव्हता. जमावाच्या तावडीत सापडलेल्या, मंद दृष्टीच्या परक्या माणसाची भीती खरीच होती. तरीही एक गोष्ट मनाला टोचत राहते. त्या थोर साक्षीदारांपैकी एकही त्या रात्री हेमार्केटमध्ये नव्हता. त्यांनी साक्ष दिली ती घटनेची नव्हे, मित्राच्या शीलाची. जी स्त्री तेथे होती, तिच्या शीलाविषयी चांगला शब्द बोलायला कोण येणार होते? बारेत्ती पुढे वीस वर्षे जगले. त्यांचे चरित्र लिहिले गेले. मॉर्गनचे नाव उरले ते केवळ त्याच्या मरणामुळे.

आठवी आज्ञा आपण बालपणापासून पाठ करतो आणि खोटे न बोलणे एवढाच तिचा अर्थ घेतो. या खटल्यात कोणी खोटे बोलले, असे म्हणण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. परंतु सत्य सांगणाऱ्याइतकीच जबाबदारी ऐकणाऱ्याचीही असते. गावात, वाडीत, चर्चच्या आवारात तंटा उद्भवला की आपण कोणाचे म्हणणे आधी ऐकतो आणि कोणाचे मध्येच तोडतो? नावलौकिक नसलेल्या माणसाची साक्षही शेवटपर्यंत ऐकून घ्यावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.