विद्यापीठीय वाङ्मयाभ्यास आणि मराठी विद्यार्थी

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ग्रंथमाला’ मासिकात ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’ या नावाचा लेख लिहिला. राजवाड्यांच्या साधनखंडांच्या प्रस्तावना अभ्यासकांनी वारंवार वाचल्या आहेत. हा लेख मात्र तितक्या अगत्याने वाचला जात नाही. चरित्रकार त्यातून चार तपशील उचलतात आणि पुढे जातात. वास्तविक, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली शिकणाऱ्या मराठी तरुणाला वाङ्मयाचा अभ्यास म्हणून काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याची इतकी रोखठोक जबानी दुसरीकडे क्वचितच आढळेल. राजवाड्यांचा स्वभाव टोकाचा होता हे लक्षात ठेवून ती वाचावी. पण ती रागाच्या भरातली म्हणून बाजूला ठेवू नये.

राजवाडे १८८२ साली मॅट्रिक झाले. काही काळ मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात काढून ते पुण्यास परतले आणि पुढे डेक्कन कॉलेजातून १८९० च्या सुमारास बी. ए. झाले. मधली वर्षे पैशाच्या अडचणीत आणि स्वतःच्या लहरीप्रमाणे वाचन करण्यात गेली. परीक्षेस नेमलेली पुस्तके बाजूला सारून भलत्याच विषयांचे ग्रंथ वाचावयाचे, हा त्यांचा क्रम होता. व्याख्यानांपेक्षा ग्रंथालय, तालीम आणि नदीचे पाणी यांचेच ऋण त्यांना अधिक वाटले, असे त्यांच्या हकीकतीवरून दिसते. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. स्वभाषेचे प्रेम आपल्याला कोणामुळे लागले हे सांगताना राजवाडे कोणत्याही प्राध्यापकाकडे वळत नाहीत. ते श्रेय देतात ते परशुरामपंततात्या गोडबोले यांना, विष्णुशास्त्री चिपळूणकर यांना आणि ‘काव्येतिहाससंग्रह’कारांना.

ही तिन्ही नावे विद्यापीठाबाहेरची आहेत. गोडबोल्यांचे ‘नवनीत’ १८५४ सालचे, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेच्याही आधीचे. ‘निबंधमाला’ १८७४ साली निघाली आणि ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ साली. एक वेच्यांचे पुस्तक आणि दोन मासिके एवढ्यावर एका विद्यार्थ्याचा मराठीचा अभ्यासक्रम पुरा झाला, आणि तो अभ्यासक्रम त्याने स्वतःच ठरविला. असे का घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. विद्यापीठाच्या आरंभीच्या नियमांत देशी भाषांना जागा होती. परंतु अल्पावधीतच मॅट्रिकपुढील परीक्षांतून त्या भाषा काढण्यात आल्या आणि त्यांच्या ठिकाणी संस्कृत, लॅटिन, अरबी, फारसी अशा अभिजात भाषा आल्या. देशी भाषांत परीक्षेला नेमण्याजोगे वाङ्मय नाही, हा या बदलामागील युक्तिवाद. तो सर्वस्वी दुष्ट बुद्धीचा होता असे मला वाटत नाही. ज्यांनी ऑक्सफर्डमध्ये ग्रीक आणि लॅटिन शिकून विद्वत्ता मिळविली, त्यांना विद्वत्तेचा दुसरा मार्ग दिसत नव्हता. आणि संस्कृताला मिळालेल्या मानाने आपले सुशिक्षितही सुखावले होते, हे कबूल केले पाहिजे. मॅट्रिकमध्ये संस्कृतात पहिला येऊन जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणे ही घरादाराला भूषणाची गोष्ट झाली. मराठीत पहिला येण्याचा प्रश्नच नव्हता.

या काळातील एक विसंगती मोठी बोलकी आहे. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे शिक्षणखात्याचे संचालक झालेले सर अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६७ साली एका विलायती नियतकालिकात तुकारामावर लेख लिहिला. १८६९ ते १८७३ या वर्षांत सरकारच्या द्रव्यसाहाय्याने ‘इंदुप्रकाश’ छापखान्यात तुकारामाची गाथा छापली गेली. तिची सिद्धता विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली केली. म्हणजे तुकाराम विलायतेतील वाचकाला परिचय करून देण्यास योग्य होता, सरकारी पैशाने संपादन करण्यासही योग्य होता. पुण्याच्या किंवा मुंबईच्या विद्यार्थ्याने त्यावर उत्तरपत्रिका लिहिण्यास मात्र तो योग्य ठरत नव्हता.

तेव्हा विद्यार्थ्याचा दिवस कसा जात असेल याची कल्पना करता येते. १८६८ पासून येरवड्याच्या नव्या इमारतीत नांदणाऱ्या डेक्कन कॉलेजात, किंवा मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये, इंग्रजी काव्य आणि गद्य इंग्रज प्राध्यापक शिकवीत. कवी वर्ड्‌स्वर्थचा नातू विल्यम वर्ड्‌स्वर्थ हा या दोन्ही कॉलेजांत अध्यापक होता. संस्कृत शिकावयाचे तेही इंग्रजीच्या द्वारा. कालिदासाच्या श्लोकाचा अर्थ इंग्रजीत लिहावयाचा. मराठी होती ती खोलीत, खानावळीत आणि कॉलेजमागच्या टेकडीवर. आगरकर आणि टिळक यांचे वादविवाद ज्या टेकडीवर झाले ती आपल्या राजकीय इतिहासात प्रसिद्ध आहे. वाङ्मयाच्या इतिहासातही तिला स्थान दिले पाहिजे, कारण वर्गात जे इंग्रजीत ऐकले त्याचा मराठीत निवाडा करण्याची दुसरी जागा विद्यार्थ्याजवळ नव्हती.

येथे राजवाड्यांशी माझा मतभेद होतो. वर्गाने काहीच दिले नाही, हा त्यांचा सूर स्वीकारता येत नाही. ज्या ‘निबंधमाले’चे ते ऋण मानतात ती लिहिणारा पुरुष याच कॉलेजाचा पदवीधर होता. १८७२ साली बी. ए. झालेल्या विष्णुशास्त्र्यांच्या गद्यावर जॉन्सन आणि मेकॉले यांचे संस्कार स्पष्ट आहेत; त्यांनी जॉन्सनवर लिहिले आणि वडिलांच्या हातून अपुरे राहिलेले ‘रासेलस’चे भाषांतर पुरे केले. इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गाने विद्यार्थ्याला एक गोष्ट दिली होती: ग्रंथ म्हणजे केवळ पाठ करण्याची किंवा पूजा करण्याची वस्तू नसून त्याविषयी मत बनवावयाचे असते, आणि ते कारणे देऊन मांडावयाचे असते. फक्त हे हत्यार मराठी ग्रंथावर चालविण्याची सोय वर्गात नव्हती. ती विद्यार्थ्यांनी बाहेर करून घेतली.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे ‘हॅम्लेट’. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात झालेली शिक्षा भोगीत असताना गोपाळ गणेश आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात या नाटकाच्या भाषांतरावर काम केले. ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. पूर्वी महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ साली येऊन गेले होते, पण आगरकरांच्या पुस्तकाचे वैशिष्ट्य वेगळे आहे. वर्गातले नाटक तुरुंगात, परीक्षेचा काहीही संबंध उरला नसताना, एका एम. ए. झालेल्या मराठी तरुणाने पुन्हा वाचले आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून त्याला मराठीत जागा शोधली. भाषांतर करणे हे वाचनाचे सर्वांत कष्टाचे रूप आहे. उत्तरपत्रिकेत जी अडचण चार मोघम शब्दांनी टाळता येते ती भाषांतरात टाळता येत नाही.

पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. या भाषांतराचे सविस्तर परीक्षण ‘निबंधचंद्रिका’ मासिकात आले. ते लिहिणारा हरि नारायण आपटे नावाचा विशीच्या आतबाहेरचा विद्यार्थी होता. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तो आगरकरांच्याच हाताखाली शिकलेला. शिष्याने गुरूच्या पुस्तकाची पानोपानी झडती घ्यावी, मूळ इंग्रजीशी ताडून पाहावे आणि ते छापून आणावे, हा प्रकार आपल्या परंपरेत नवाच होता. हरिभाऊंनी पुढे डेक्कन कॉलेजात आणि फर्ग्युसनमध्ये काही काळ काढला. गणिताने त्यांचा घात केला आणि पदवी त्यांना मिळाली नाही. विद्यापीठाच्या दप्तरी ते एक अयशस्वी विद्यार्थी. त्या वर्षांत एका मराठी पुस्तकावर इतक्या बारकाईने लिहिलेले दुसरे परीक्षण माझ्या तरी वाचनात नाही, आणि त्याला गुण देण्याची कोणतीही प्रश्नपत्रिका अस्तित्वात नव्हती.

राजवाडे याच वाटेने गेले. पदवी घेतल्यावर थोड्याच वर्षांनी त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले आणि प्लेटोचे ‘रिपब्लिक’ मराठीत आणले. वर्गावर इतका राग असलेल्या माणसाने पहिले काम कोणते करावे, तर पाश्चात्त्य विद्येचे ग्रंथ मराठीत आणण्याचे! रागाच्या मुळाशी काय होते ते यावरून कळते. त्यांना ते ग्रंथ नको नव्हते. ते आपल्या भाषेत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९०९ साली त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची जुनी पोथी छापली आणि तिच्या व्याकरणावर लिहिले. त्या पोथीच्या प्राचीनत्वाविषयी मागाहून शंका निघाल्या आहेत. तथापि मराठी ग्रंथाची पाठशुद्धी आणि भाषा यांचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने करावयाचा असतो, हे त्या उद्योगाने ठसविले.

विद्यापीठाच्या आत लढणारा माणूस एकच होता, आणि तो पहिल्या चार पदवीधरांपैकी होता. रानड्यांनी मराठीसाठी सिनेटमध्ये वर्षानुवर्षे प्रयत्न केला. १८९८ सालचे मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे त्यांचे इंग्रजी टिपण हे या खटल्यातले निवेदनच आहे. त्यात त्यांनी प्रसिद्ध झालेल्या मराठी ग्रंथांची विषयवार मोजदाद मांडली. आजच्या टीकाकाराला ही पद्धत रुक्ष वाटेल. गुणांचा प्रश्न असता संख्या कशाला, असे तो विचारील. पण वाङ्मयच नाही असे म्हणणाऱ्या न्यायासनापुढे आधी अस्तित्व सिद्ध करावे लागते, आणि न्यायाधीश असलेल्या रानड्यांना पुराव्याचा क्रम चांगला ठाऊक होता. मराठी विद्यापीठात तोवर एकाच वेषाने शिरली होती. १८७७ साली भांडारकरांनी दिलेल्या विल्सन व्याख्यानांत ती संस्कृत आणि प्राकृत यांची वंशज म्हणून आली होती. भाषाशास्त्राचा विषय म्हणून तिला दार उघडे, वाङ्मय म्हणून बंद.

१९०१ साली एम. ए. च्या परीक्षेत मराठीचा प्रवेश झाला. त्याच वर्षी १६ जानेवारीला रानडे वारले. पदवीच्या वरच्या टोकाला असे दार उघडल्यामुळे एक चमत्कारिक स्थिती उत्पन्न झाली: कळस आधी आणि पाया मागाहून. शिवाय मराठी बहुधा जोडीने येई. जुन्या लेखकांच्या चरित्रांत ‘मराठी व इंग्रजी’ किंवा ‘मराठी व संस्कृत’ घेऊन एम. ए. झाल्याचे उल्लेख वारंवार भेटतात ते यामुळे. इतरत्र याहून धाडस झाले. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने मराठीलाच शिक्षणाचे माध्यम केले, आणि कलकत्ता विद्यापीठाने सर आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने १९१९ साली देशी भाषांची स्वतंत्र एम. ए. सुरू केली.

मराठी वर्गात आल्याने विद्यार्थ्याचे काय झाले? नेमलेल्या पोथ्यांना संपादक मिळाले, शब्दकोश आणि टीपा आल्या. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’सारख्या ग्रंथाला १९३८ साली मुंबई विद्यापीठाची डी. लिट. मिळाली. हा लाभ लहान नाही. पण वाचक बदलला. ‘निबंधमाले’चा वाचक कोणीही असू शके: कारकून, शिक्षक, वकील. नव्या विवेचनाचा वाचक पुष्कळदा परीक्षार्थी असे, आणि परीक्षार्थ्यासाठी लिहिणारा मनुष्य शंका मोकळी ठेवण्यास भितो. हरिभाऊंनी आगरकरांची जशी झडती घेतली तशी झडती नेमलेल्या पुस्तकाची घेणारी उत्तरे वर्गात फार लिहिली गेली असतील असे वाटत नाही.

जोडीचा हा प्रवास मात्र संपला नाही. कुसुमावती देशपांडे यांनी नागपूर विद्यापीठाची पदवी १९२६ साली घेतली आणि लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करून १९२९ साली तेथील पदवी मिळविली. कवी अनिल यांच्याशी झालेला त्यांचा विद्यार्थिदशेपासूनचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ साली प्रसिद्ध झाला आहे; तरुणपणी वाङ्मय वाचणाऱ्या दोन मनांचा दस्तऐवज म्हणूनही तो वाचावा. परत आल्यावर त्यांनी नागपूरला अनेक वर्षे शिकविले ते इंग्रजी. लिहिले ते मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाविषयी आणि ‘पासंग’मधील टीकालेख. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. साहित्य अकादमीने मराठी वाङ्मयाचा इंग्रजी इतिहास १९८८ साली प्रसिद्ध केला तेव्हा त्यावर दोन नावे होती: कुसुमावती देशपांडे आणि मं. वि. राजाध्यक्ष. राजाध्यक्षही इंग्रजीचेच प्राध्यापक होते.